फळं तोडायला जाताना मुलांच्या हातात लहान वाटी द्या

साडेतीन वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. फळ दोघांनी दुकानात आणि ताटात पाहिलंय, झाडावर कधीच नाही. येत्या रविवारी आईबाबा त्यांना शहराबाहेरच्या एका फळबागेत फळं तोडायला नेणार आहेत. आईचे प्रश्न असे: किती वेळ ठेवावा, बरोबर काय घ्यावं, झाडावरचं फळ तिथेच खाल्लं तर फवारणीचं काय, आणि मुलं अर्ध्या तासात "घरी चला" म्हणाली तर?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीच उत्तरं त्याच्या पोटात आहेत. वीस वर्षं मी बाग करतेय आणि दर हंगामात मुलांना बागेतून फिरवतेय. बागेला कंटाळलेली मुलं मी फारशी पाहिली नाहीत. टोपली भरायला मात्र ती हमखास कंटाळतात. सुरुवातीची काही वर्षं मी प्रत्येक मुलाच्या हातात मोठी बादली द्यायचे. बादलीचा तळ झाकेपर्यंत उत्साह टिकायचा, मग हाताला लागेल ते ओढून आत टाकणं सुरू व्हायचं. कच्चं, किडकं, अर्ध्या डहाळीसकट आलेलं, सगळं एकत्र. दहा मिनिटांत मूल सावलीत आणि बादली आईच्या हातात. चूक माझी होती. मी त्यांना मोठ्यांचं काम दिलं होतं आणि त्यातला रस घेण्याचा भाग स्वतःकडे ठेवला होता.

आता मी आठ-दहा फळं मावतील एवढी वाटी देते आणि एकच काम सांगते: या झाडावरचं सगळ्यात पिकलेलं फळ शोधून दाखव. तोडायचं नंतर, आधी शोधायचं. मग मूल झाडाभोवती फिरायला लागतं, वाकून पानांखाली पाहतं, वास घेतं, भावंडाशी वाद घालतं, "हे नाही, ते बघ" म्हणून माझा हात ओढतं. वाटी रिकामी असतानाही अर्धा तास कसा जातो कळत नाही. तुम्ही रविवारी एवढं एकच केलंत तरी पुरे: फळ पिकलंय की नाही हे मुलाला ठरवू द्या, आणि चुकलं तर चुकू द्या. आंबट लागलेलं पहिलं फळ पुढच्या दहा फळांना उपयोगी पडतं.

पण ते ठरवायचं कसं, हे आधी तुम्हाला माहीत हवं. फळांच्या दोन जाती मनात ठेवा. काही फळं तोडल्यावरही पिकत राहतात: आंबा, पेरू, केळं, सफरचंद, पेअर. काही फळं तोडली की तिथेच थांबतात: स्ट्रॉबेरी, द्राक्ष, चेरी, संत्रं, लिची. दुसऱ्या गटातलं फळ अर्धकच्चं तोडलं तर घरी नेऊन ते मऊ पडेल, सुकेल, रंगही थोडा बदलेल, पण गोडी वाढणार नाही. म्हणून स्ट्रॉबेरीच्या बागेत घाई चालत नाही आणि सफरचंदाच्या बागेत थोडं उन्नीस-बीस चालून जातं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तोच शेजारच्या फळालाही पिकायला लावतो. फळ स्वतःच हा वायू तयार करतं हे 1934 मध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिलं. नऊ वर्षांच्या मुलाला हे नुसतं सांगू नका, घरी करून दाखवा. दोन कच्ची फळं घ्या, एक पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा, दुसरं एकटं उघड्यावर. रोज सकाळी दोन्ही दाबून पाहायची.

स्ट्रॉबेरी असेल तर मुलांना गुडघ्यावर बसवा. फळ पानांखाली असतं, उभ्याने दिसत नाही, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीची उंची इथे सगळ्यांपेक्षा कामाची ठरते. लाल रंग टोकाकडून वर चढत जातो आणि हिरव्या टोपीखालचा भाग सगळ्यात शेवटी रंगतो, म्हणून वरून लाल दिसलं तरी बोटाने टोपी जरा उचलून पाहायची. खांद्याला पांढरी कड असेल तर ते फळ अजून एक-दोन दिवस झाडावरच राहू द्यायचं. तोडताना फळ धरायचंच नाही. देठ फळाच्या थोडं वर अंगठा आणि तर्जनीच्या नखांत पकडायचा आणि खुडायचा, टोपी फळालाच राहू द्यायची. फळ मुठीत धरून ओढलं की बोटांचे ठसे उमटतात आणि दुपारपर्यंत तिथेच ते काळं पडतं. फळाच्या अंगावरचे ते पिवळे ठिपके म्हणजे खरं तर एकेक फळ आहे, आणि आपण ज्याला फळ म्हणतो ते फुलाच्या दांड्याचं फुगलेलं टोक. एका स्ट्रॉबेरीवर असे दोनशेच्या आसपास ठिपके असतात. हे सांगितलं की नऊ वर्षांची मुलं मोजायला बसतात. बसू द्या.

सफरचंदात लाल रंग फसवतो. उन्हाकडची बाजू आधीच लाल होते, आत ते कच्चंच असतं. लालीच्या मागचा मूळ रंग पाहायचा. गडद हिरवा असेल तर थांबायचं, पिवळसर झाला असेल तर तळहातात फळ घेऊन वर उचलायचं आणि हलकेच पिळायचं. तयार फळ देठासकट सुटून हातात येतं. जे येत नाही ते अजून तयार नाही, त्याला सोडून द्यायचं. खाली ओढायचं मात्र नाही. फळ ज्या आखूड, सुरकुतलेल्या काडीवर लागतं, तिच्यावरच पुढच्या वर्षीचा फुलाचा डोळा, म्हणजे कोंब, असतो. ओढलं की काडी मोडते आणि त्या जागी पुढच्या वर्षी फळ येत नाही. मी मुलांना ती काडी जवळून दाखवते, डोळ्याला बोट लावू देते. "हे पुढच्या वर्षीचं सफरचंद," एवढं वाक्य पुरतं. त्यानंतर कुणी फांदी ओढत नाही, उलट दुसऱ्याला दटावतात.

घरी आल्यावर एक कच्चं आणि एक तयार सफरचंद आडवं कापा. मधोमध पाच घरांची चांदणी दिसेल. बी पांढरी असेल तर फळ कोवळं, तपकिरी असेल तर भरलेलं. कापलेल्या बाजूला पातळ केलेलं आयोडीन लावलं तर जिथे स्टार्च आहे तिथे निळंकाळं होतं. कच्चं फळ जवळजवळ सगळं काळं पडतं. फळ तयार होत जातं तसा स्टार्च साखरेत बदलतो आणि मधल्या भागापासून बाहेर काळेपणा नाहीसा होत जातो. सफरचंदाचे बागायतदार काढणीची वेळ ठरवायला हीच चाचणी वापरतात. हा तुकडा अर्थातच खायचा नाही आणि आयोडीनची बाटली धाकटीच्या हाताला लागू द्यायची नाही.

आंबा असेल तर देठाजवळचे खांदे भरून वर आलेत का आणि देठापाशी खळगा पडलाय का ते पाहायचं. पाण्याची बादलीही उपयोगी पडते: भरलेला आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. (सफरचंद पिकलं तरी तरंगतंच, कारण त्यात जवळजवळ चौथा हिस्सा हवा असते. दोन्ही एकाच बादलीत सोडा आणि "असं का?" हा प्रश्न मुलालाच विचारा.) द्राक्षं ओढून निघत नाहीत, घड कात्रीनेच कापायचा. कात्री मोठ्याच्या हातात, घडाखाली ओंजळ मुलाची.

पेरूसाठी नाक. मागच्या हंगामात एक सहा-सात वर्षांचा मुलगा आला होता. बाकीची मुलं पळापळ करत होती आणि हा दोन्ही हात पाठीमागे धरून बांधावर उभा. मातीत पाय नको, मुंग्या नकोत, पानांना हात नको. आईला वाईट वाटत होतं, ती त्याला पुढे ढकलत होती. मी म्हटलं, हात लावूच नकोस, डोळे मिट आणि वास कुठून येतो ते सांग. तो झाडाभोवती हळूहळू फिरला. एका जागी थांबला, दोन पावलं मागे गेला, परत तिथेच आला आणि डोळे न उघडता मान वर केली. त्याच्या डोक्याच्या अगदी वर, दोन पानांच्या आड, फिक्या पिवळ्या रंगाचा पेरू होता, मलाही सकाळपासून दिसला नव्हता. मग हात आपोआप वर गेला. त्याने तो तोडला आणि खाल्ला नाही, खिशात ठेवला आणि घरी जाईपर्यंत अधूनमधून काढून हुंगत राहिला. अशा मुलांना कृपा करून ढकलू नका. त्यांचं बघणं चाललेलं असतं.

साडेतीन आणि नऊ या वयांना एकच काम देऊ नका. धाकटीची मजल पाऊण तास, फार तर तास. तिला तुमच्या हाताला लागून राहू द्या. एक झाड, एक वाफा, तोडलेलं फळ वाटीत अलगद ठेवणं, वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतणं, तेही तिच्यासाठी कामच आहे. थोरल्याला जबाबदारी द्या. कुठल्या बाजूची फळं आधी पिकलीत हे त्याने शोधावं. साधारणपणे झाडाच्या बाहेरच्या, उन्हाच्या बाजूची आधी येतात, आतली सावलीतली मागून. हे तुम्ही सांगू नका. तीन झाडं पाहिल्यावर तो स्वतःच सांगेल. शक्य असेल तर आईबाबांनी एकेक मूल वाटून घ्यावं. दोघांना एकत्र ठेवलं की थोरला धाकटीचं फळ तोडून देतो आणि दोघांचाही खेळ संपतो.

आता फवारणी. गेल्यावर बागवाल्याला सरळ विचारा: शेवटची फवारणी कधी झाली, कशाची, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं होतं? प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर हा थांबण्याचा काळ छापलेला असतो आणि जाणता बागायतदार तो तोंडपाठ सांगतो. उत्तर गुळमुळीत आलं तर फळं तोडा, पण तिथे खाऊ नका. "आमची बाग सेंद्रिय आहे" हे उत्तर मिळालं तरी पुढचा प्रश्न विचाराच, कारण सेंद्रिय बागेतही गंधक, कडुनिंबाचा अर्क, बोर्डो मिश्रण मारतात. या बोर्डोची गोष्ट थोरल्याला सांगण्यासारखी आहे. फ्रान्समधल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर लोक येताजाता हात मारायचे, म्हणून बागायतदार त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडायचे, म्हणजे द्राक्षं खाण्यालायक दिसू नयेत. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या त्या वेली केवडा रोगातून वाचल्या आहेत आणि आतल्या वेलींची पानं गळून गेली आहेत. त्यावर प्रयोग करून 1885 मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं. आजही ते वापरात आहे.

द्राक्षावरचा पांढरट थर पाहून बरेच पालक घाबरतात. तो बहुतेक वेळा फळाचा स्वतःचा मेणाचा थर असतो, ओलावा टिकवणारा. पण मेण कुठलं आणि औषध कुठलं हे डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून मी मुलांना न धुतलेलं काही खाऊ देत नाही. घरून स्वच्छ पाण्याची पाच लिटरची कॅन न्या, फक्त धुण्यासाठी. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं, साबण लावायचा नाही, कारण फळाची साल तो शोषून घेऊ शकते. फळाइतकेच हातही धुवा. आणि तिथे किती खाल्लेलं चालतं हे बागवाल्याला आधीच विचारून घ्या. मुलांसमोर नंतर वाद नको.

जमिनीवर पडलेलं फळ खायचं नाही, मग ते कितीही चांगलं दिसो. मातीत जनावरांचं शेण असतं, आणि फुटलेल्या सालीतून ई. कोलायसारखे जंतू आत जातात. तसंच पाखरांनी टोचलेलं किंवा वटवाघळाने कुरतडलेलं फळही वर्ज्य. "पोपटाने खाल्लेला पेरू सगळ्यात गोड" हे आपण लहानपणी ऐकलेलं असतं आणि गोडीच्या बाबतीत ते बहुतेक खरंही असतं, पण वटवाघळांच्या लाळेतून निपाहसारखा विषाणू येऊ शकतो आणि दात कुणाचे हे फळावरून कळत नाही. पडलेली फळं मुलांना गोळा करायची असतील तर खाण्यासाठी नाही, किडे बघण्यासाठी. फोडून दाखवा, आत अळी असेल तर फारच उत्तम.

साडेतीन वर्षांच्या मुलीला अख्खं द्राक्ष किंवा चेरी देऊ नका, ही मात्र पक्की गाठ बांधा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत अख्खं द्राक्ष घट्ट बसतं, गुळगुळीत असल्याने निघत नाही. उभे चार तुकडे करूनच द्यायचं, चेरीची बी काढून. आणि खाताना बसवायचं. पळता पळता खाणं बागेत सर्रास चालतं आणि ठसका तिथेच लागतो.

चीक हा दुसरा दुर्लक्षित विषय. आंब्याचा देठ मोडला की उडणारा चीक कातडीला भाजतो. देठ दोन बोटं ठेवूनच तोडायचा, मग फळ देठ खाली करून चीक निथळू द्यायचा, आणि हे सगळं मोठ्यांनी करायचं. अंजिराच्या पानादेठाचा पांढरा चीक लागलेल्या हातावर ऊन पडलं तर फोड येतात, लिंबाच्या सालीच्या रसानेही तेच होतं. लागलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो भाग दिवसभर झाकून ठेवा. म्हणून हलक्या सुती कापडाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायांत बंद बूट. चपला बागेत घसरतात, ठिबकच्या नळीत अडकतात आणि मुंग्यांना मोकळं रान देतात.

गांधीलमाश्या जास्त पिकलेल्या, फुटलेल्या फळावर बसतात. तोडण्याआधी फळाची मागची बाजू पाहायची सवय मुलांना लावा, मी तर "फळाची पाठ बघितलीस का?" एवढंच विचारते. सरबताचा उघडा ग्लास ठेवू नका, माशी आत जाते आणि तोंडात चावते. मधमाशी चावली तर काटा कातडीत राहतो. तो नखाने, कार्डाने, कशानेही, पण लगेच काढायचा, कारण जितका वेळ राहील तितकं विष आत जातं. मग थंड पाण्याची पट्टी. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मुलाला अशी ॲलर्जी आधीच माहीत असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध गाडीत नाही, खिशात ठेवा.

शिडीवर मुलं चढणार नाहीत. यात मी कुणाचंच ऐकत नाही. बाग निवडायची संधी असेल तर बुटक्या झाडांची निवडा. सफरचंदाची बरीच नवी लागवड एम-9 सारख्या बुटक्या खुंटावर (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात त्या रोपावर) असते, इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राने गेल्या शतकाच्या सुरुवातीला निवडून काढलेल्या खुंटांपैकी तो एक. अशा झाडाची फळं नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला जमिनीवरून लागतात.

वेळ सकाळची, दव सुकल्यानंतरची. ओली बेरी तोडली की डब्यात बुरशी धरते, आणि उन्हं चढल्यावर तोडलेलं फळ आत साठलेल्या उष्णतेने लवकर उतरतं. मुलांचंही तसंच आहे, ऊन लागलं की ती चिडचिडी होतात आणि आपल्याला वाटतं कंटाळली. दहा-साडेदहाला बागेतून निघायचं ठरवा. उथळ डबे न्या, फळांचे दोनपेक्षा जास्त थर नकोत, नाहीतर खालची चेंगरतात. गाडीच्या डिकीत फळं उन्हात सोडून जेवायला बसू नका. घरी आल्यावर सगळी एकदम धुऊन ठेवू नका. ओल राहिली की सडतात. लागतील तेवढीच, लागतील तेव्हा धुवायची.

शनिवारी संध्याकाळी बागवाल्याला एक फोन मात्र नक्की करा. फळ पंचांग बघून पिकत नाही, आदल्या दिवशीची मोठी गर्दी किंवा रात्रीचा पाऊस सगळं बदलून टाकतो. "उद्या मुलांच्या हाताला लागेल असं काय आहे?" असाच प्रश्न विचारा. आणि बागेत पेअर असेल तर चार-पाच कडकच घेऊन या. पेअर झाडावर पिकवलं तर आतून पिठूळ, तपकिरी होतं. ते कडक असताना उतरवून घरी पिकवायचं असतं. पिकण्याची सुरुवात आतून होते, म्हणून पोटाला दाबून काही कळत नाही. देठाजवळच्या मानेवर अंगठा हलकेच टेकवायचा. हे काम साडेतीन वर्षांच्या बोटाला छान जमतं, फक्त रोज सकाळी एकदाच, आणि मान दबली त्या दिवशी पहिला घास तिचा.